माझा पोचा काढू नका

मी एक जुनी किटली आहे, मित्रांनो. दुधाची, पाच लिटरची, अ‍ॅल्युमिनियमची. आणि सुरुवातीलाच सांगून ठेवते, मी भंगारात जाणार नाही.

हे सांगायची वेळ आली, कारण परवा आमच्या दारात भंगारवाला आला होता. त्यानं मला कडीला धरून उचललं, बोटाच्या पेरानं पोटावर टकटक केलं आणि म्हणाला, "पोचा पडलाय. झाकन बी ढिलं हाय. द्या टाकून." अरे वा रे वा! म्हणे द्या टाकून! ज्या पोच्याला तो नावं ठेवत होता, त्या पोच्यात एका पोरीचं अख्खं तिसरीचं वर्ष मावलं आहे. त्याला काय ठाऊक! तुम्हाला मात्र सांगते. नीट बसून ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापला, गोल दाबला, कडी बसवली, झाकण घातलं की झाली किटली. आम्ही शंभर बहिणी सारख्याच दिसायचो. पुढं सोनईच्या पेठेत एका भांड्यांच्या दुकानात दोरीला टांगून घेऊन मी बरेच दिवस काढले. मग एके दिवशी हाजराबी आली. तिनं आयुष्यातली पहिली म्हैस त्याच आठवड्यात घेतली होती. तिनं मला काठोकाठ पाण्यानं भरलं, उलटी केली, बुडाशी हात फिरवला, उन्हाकडे तोंड करून आत डोकावून भोक बघितलं. दुकानदार वैतागला, पण हाजराबी ढिम्म हलली नाही.

दुकानाबाहेर भांड्यांवर नाव घालणारा बसायचा. त्यानं विचारलं, "मालकाचं नाव काय घालू?"

"मालकाचं कशाला?" हाजराबी म्हणाली. "म्हस माजी, शेन मी काडते, धार मी काडते. नाव माजंच घाल."

त्यानं ठोक्याठोक्यानं, ठिपक्याठिपक्यानं माझ्या गळ्यावर नाव कोरलं, 'हाजराबी'. तिला वाचता येत नव्हतं. म्हणून तिनं ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं, आणि तेवढ्यानं विश्वास बसेना म्हणून शेजारच्या दुकानदाराकडूनही वाचून घेतलं. तेव्हाच मला कळलं, आपण साध्यासुध्या घरात चाललेलो नाही.

पोचा पडला तो तिच्या लेकामुळं. अलीम तेव्हा शाळेत होता. मला सायकलच्या हँडलला अडकवून कॅनॉलच्या पुलावरून हात सोडून सायकल मारत निघाला. तो पडला, सायकल पडली आणि मी दगडावर आपटले. दूध सगळं कॅनॉलला गेलं. हाजराबीनं पोराला चार लगावल्या, मग पोटाशी धरलं आणि म्हणाली, "हातपाय धड हाय ना तुजं? मग ऱ्हाऊ दे किटलीचं." मी चांगली दोन दिवस रुसले होते. माझ्या पोटावर तळहात बसेल एवढा खड्डा पडला होता आणि ही बाई म्हणते, ऱ्हाऊ दे! पण गळत मात्र नव्हते. मग काय, लागले कामाला.

पुढं वीस वर्षं मी रोज दोन वेळा गावच्या दूध केंद्रावर जात होते. केंद्र म्हणजे पत्र्याचं शेड, वजनकाटा, फॅट मोजायचं मशिन आणि त्या सगळ्यावर बसलेले सचिव गहिनीनाथअण्णा. अण्णा कडक माणूस. कुणी साडेसातला एक मिनिट उशिरा आलं की सगळ्यांदेखत झाडायचे. पण हाजराबीचं झाकण उघडलं की म्हणायचे, "हाजराबीचं दूध बघा! बोटभर साय धरंल." ते ऐकून मी फुगायचे. पोच्यासकट.

मग ते साथीच्या आजाराचं वर्ष आलं. सगळं बंद. शाळा बंद, बाजार बंद, देवळं-मशिदी बंद. पण म्हशीला कुणी सांगायचं, बाई गं, बंद आहे म्हणून? ती आपली पान्हा सोडायचीच. त्यामुळं दूध केंद्र तेवढं चालू राहिलं. अण्णांनी केंद्रापुढं चुन्याचे गोल काढले, एका माणसानं एका गोलात उभं राहायचं म्हणून. आमच्या गावची माणसं हुशार. त्यांनी गोलात किटल्या ठेवल्या आणि स्वतः लिंबाच्या सावलीला जाऊन बसली. नंबर किटलीचा, गप्पा माणसाच्या. आम्ही किटल्या उन्हात रांगेत उभ्या. असो.

अलीमची पोरगी उझ्मा तेव्हा दुसरीतून तिसरीत गेलेली. दूध घालायला हाजराबीबरोबर तीच यायची. मार्चमध्ये शाळा सुटली तेव्हा ती चांगली वाचायला लागली होती. येता-जाता माझ्या गळ्यावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवायची आणि "हा-ज-रा-बी" म्हणून दादीला चिडवायची. पण शाळा भरायला लागली फोनवर, आणि घरातला एकुलता एक फोन अलीमबरोबर टेम्पोत हिंडायचा, आज पुण्याला तर उद्या मुंबईला. जून गेला, जुलै गेला. एक दिवस उझ्मानं माझ्या गळ्यावर बोट ठेवलं आणि 'हा'पाशीच थांबली. नाव तोंडपाठ होतं, पण पुढची अक्षरं ओळखू येईनात. तिनं दादीकडे बघितलं. पण दादीला तर एक अक्षर येत नव्हतं. ती कशी सांगणार? मित्रांनो, मी पत्रा आहे, पण त्या दिवशी माझ्यातलं दूध मला जड झालं.

शाळेचे अमृत सर नगरला अडकले होते. माणूस वाईट नव्हता. रोज धडे बोलून मोबाईलवर पाठवायचा. एके दिवशी त्यांनी ग्रुपवर एक यादी टाकली. ज्यांच्या घरी फोन नाही अशा सतरा पोरांची. वर लिहिलं होतं, 'संपर्काबाहेरील विद्यार्थी'.

ही यादी वाचली पंकजानं. पंकजा आठवीत होती. दोन वेण्या, हातात स्वतःची किटली आणि आवाज असा की शेडचा पत्रा वाजावा. संध्याकाळी ती तणतणत केंद्रावर आली. "संपर्काभायेर म्हंजी? ही पोरं काय चंद्रावर ऱ्हातेत? दोन टाइम दूध घालायला येतेत की!"

तिनं तिथंच सरांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. सर म्हणाले, "अगं पंकजा, मी तरी काय करू? शाळा उघडली की त्या सतरा जणांना वेगळं बसवू. पहिलीच्या पुस्तकापासून सुरू करू."

उझ्मानं माझी कडी धरली होती. ती तिनं आणखी आवळली. "मी पयलीच्या पोरांत बसनार न्हाई," ती हळूच म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही. पण पंकजाला ऐकू गेलं.

"न्हाई बसायचं," पंकजा म्हणाली. "कशी बसवतेत तेच बघते."

दुसऱ्या दिवशी तिनं फोन असलेल्या घरांतली मोठी पोरं गोळा केली. ती झाली तिला धरून आठ. लहान सतरा. प्रत्येकानं दोघं वाटून घेतली आणि एक उरली. उरली ती उझ्मा. सगळी एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली, कारण सरांचा धडा ऐकायचा, आपला अभ्यास करायचा आणि वर दोन पोरं सांभाळायची म्हणजे खायचं काम नव्हतं. पंकजा म्हणाली, "ती माजी. मला तीन."

आणि मित्रांनो, तिथून आम्हा किटल्यांची शाळा सुरू झाली. घरोघर जायची बंदी होती, जवळ बसायची बंदी होती, पण किटलीला कुठली बंदी? मोठी पोरं सकाळी कागदावर अभ्यास लिहून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायची आणि गोलातल्या किटलीच्या झाकणाखाली ठेवायची. दूध ओतून झालं की रिकाम्या किटलीतून अभ्यास घरी. संध्याकाळी सोडवलेला कागद त्याच वाटेनं परत. एका घरची गाय आटली होती, दूधच नव्हतं. राहीबाईचं घर. तरी तिच्या नातवाची किटली रोज येऊन गोलात उभी राहायची. अण्णा म्हणाले, "राहीबाई, रिकामी किटली कशाला आनताय?" राहीबाई म्हणाली, "रिकामी कुठं? जाताना अभ्यास न्यायचाय तिच्यात."

घोटाळेही झाले. सगळी झाकणं एका मापाची, त्यामुळं एक दिवस राहीबाईच्या पहिलीतल्या नातवाच्या घरी चौथीचा गुणाकार गेला. सगळं घर रात्रीचं जेवण सोडून त्या गुणाकाराला बसलं. सकाळी राहीबाई डोळे चोळत आली आणि म्हणाली, "पंकजे, लेकराला एवडं अवगड देत जाऊ नगं. त्याच्या आज्याला बी न्हाई आलं!" आणि करण नावाचा एक मोठा पोरगा होता. तो लहान्याची गणितं स्वतःच सोडवून टाकायचा, म्हणजे काम झटपट उरकायचं. पंकजानं अक्षर ओळखलं आणि रांगेत सगळ्यांपुढं त्याला धुतलं. "शिकवायचं म्हनलं हुतं, सोडवून द्यायचं न्हाई! पोहायला शिकवताना तूच विहिरीत उडी मारून आलास, तर त्या पोराचं अंग तरी भिजंल का?" करणची मान खाली गेली. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या कागदावर लहान्याचं वेडंवाकडं अक्षर आलं.

उझ्मा मात्र झपाट्यानं चालली होती. अक्षरं परत आली, मग जोडाक्षरं आली. एके सकाळी तिनं स्वतःच्या मनानं पाच ओळी लिहिल्या, आपल्या म्हशीवर. तिला एवढा आनंद झाला की पिशवीत गुंडाळायचं राहूनच गेलं. नुसता कागद झाकणाखाली दाबला आणि निघाली उड्या मारत. व्हायचं तेच झालं. मी हिंदकळले, कागद सुटला आणि दुधात पडला. त्यावर निळ्या शाईपेनानं लिहिलेलं. केंद्रावर अण्णांनी झाकण उघडलं आणि तसेच थांबले. दूध निळं!

चूक आमचीच होती, मी लपवणार नाही. दूध परत आलं. गावातली दोन कुत्री दिवसभर निळ्या मिशा घेऊन हिंडत होती. उझ्मा रडून रडून लाल झाली होती. हाजराबीनं तिला जवळ घेऊन विचारलं, "काय लिवलं हुतंस कागदावर?" उझ्मानं हुंदके देत म्हशीच्या पाच ओळी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. हाजराबीनं ऐकून घेतलं. "म्हशीवर लिवलं, म्हशीच्या दुधानं पिलं," ती म्हणाली. "परत लिव."

पण अण्णांनी फर्मान काढलं. ज्या किटलीत कागद दिसेल तिचं दूध परत. आणि खरं सांगते, त्यांचं बरोबरच होतं. दूध हे माणसाच्या पोटात जाणारं. आई-बापांनी त्याच दिवशी कागद बंद केले. सात मोठ्या पोरांनी हात टेकले. सतरा पोरं पुन्हा होती तिथं आली.

पंकजा दोन दिवस रांगेतल्या किटल्यांकडं बघत उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं खिशातून खडू काढला, नळाच्या पाण्यात बुडवला, माझ्याजवळ आली आणि माझ्या पोटावर लिहिलं, '२४ + ३८'. ओला खडू वाळला तसा आकडा पांढराशुभ्र उठून दिसायला लागला. पंकजा उझ्माला म्हणाली, "उत्तर ह्या पोच्यात लिव. तुज्या फ्रॉकला घासलं तरी खड्ड्यातलं पुसायचं न्हाई."

खड्ड्यातलं पुसत नाही! वीस वर्षं जो माझा दोष होता, तो त्या दिवशी उत्तराची जागा झाला. मी तुम्हाला काय सांगू!

आठवड्याभरात रांगेतल्या सगळ्या किटल्यांच्या पोटांवर गणितं उमटली. कुणावर पाढे, कुणावर शब्द, कुणावर चुकलेलं उत्तर आणि खाली 'पुन्हा कर'. राखेनं घासून लख्ख केलेल्या किटलीवर खडू उठत नाही, म्हणून पोरांनी आयांना बाहेरून घासायला मनाई केली. आया खूश. "शिक्षन लई चांगलं गं बाई," राहीबाई म्हणायची, "भांडी कमी घासावी लागतेत." दूध घालून घरी जाताना माणसं एकमेकांच्या किटल्या वाचायला लागली. लिंबाखाली बसलेली म्हातारी माणसं सात नव्वं किती यावरून वाद घालायला लागली.

दिवाळी झाली, संक्रांत झाली, उन्हाळा आला आणि आजार पुन्हा उसळला. एप्रिलमध्ये पंकजाच्या वडिलांना झाला. त्यांच्या घरापुढं बांबू आडवा बांधला. चौदा दिवस कुणी बाहेर यायचं नाही, त्यांचं दूधही केंद्रावर घ्यायचं नाही. पंकजाचा गोल रिकामा राहिला.

त्याच आठवड्यात अण्णांना कळलं, वरून तपासणीला माणसं येणार आहेत. संध्याकाळी ते बाहेर आले आणि रांगेतल्या किटल्या बघून त्यांचं माथंच फिरलं. "ही काय दूध संस्था हाय का शाळंची भिंत? किटल्या बघा कशा झाल्यात! घासल्याशिवाय एक किटली उद्यापास्नं आत घ्यायची न्हाई. आन् ह्या खडूला हितं बंदी! नियम हाय तसा. पाटीवर लिवलाय!"

असं म्हणून त्यांनी ओल्या फडक्यानं पहिल्या किटलीचं पोट पुसलं. मग दुसरीचं. तिसरी मी होते. माझ्यावर उझ्माच्या हातचं होतं. भागाकार, तिचा पहिला, कुणाच्या मदतीशिवाय केलेला. तो पंकजाला दाखवायचा होता आणि पंकजा बांबूच्या पलीकडं होती.

मोठी पोरं मागं सरकली. लिंबाखालून कुणी उठेना. अण्णांशी भांडायचं म्हणजे रोजच्या दुधाशी भांडण. हाजराबी पदर सावरून उठायला लागली. तेवढ्यात उझ्मा माझ्यापुढं येऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरून. नऊ वर्षांची पोर, अण्णांच्या कमरेला लागत होती.

"कुठं लिवलाय?" ती म्हणाली.

"काय?"

"नियम. कुठं लिवलाय?"

अण्णांनी शेडच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं संस्था निघाली तेव्हाची निळी पाटी होती. गेली कित्येक वर्षं ती कुणी वाचली नव्हती. अण्णांनीसुद्धा नाही, हे पुढं कळलंच. "जा, वाच जा," ते म्हणाले, आणि त्यांना खातरी होती की ही वाचणार नाही. संपर्काबाहेरची पोरगी ती.

उझ्मा पाटीखाली गेली. मान वर केली. पहिल्या अक्षरापाशी थांबली. माझं मेलीचं काळीज झाकणाला आलं. मला तो जुलैमधला दिवस आठवला, ते 'हा'पाशी अडकलेलं बोट. वाच गं माझे बाई, मी म्हणत होते, वाच.

"सूचना," उझ्मानं वाचलं. "एक. सभासदांनी दूध वे-ळे-वर आणावे. दोन. किटली आ-तून..." ती थांबली, मागं वळून अण्णांकडे बघितलं आणि पुन्हा वाचलं, आता सरळ, मोठ्यानं. "किटली आतून स्वच्छ धुतलेली असावी. अण्णा, आतून लिवलंय. भायेरचं न्हाई लिवलेलं."

लिंबाखाली कुणीतरी खुदकन हसलं. अण्णा म्हणाले, "बास, बास, कळलं."

पण उझ्मा कसली थांबते! वर्षभर अडवलेलं पाणी होतं ते. "तीन. दुधात पाणी मिसळू नये. चार. केंद्राच्या आवारात तंबाखू खाऊन थुंकू नये." अण्णांच्या गालात त्या वेळी बार भरलेला होता. मास्क हनुवटीवर आणि बार गालात! आता हसू दाबलं जाईना. "पाच. संस्थेच्या सेवकांनी सभासदांशी... सौ... सौजन्याने बोलावे." मग ती शांतपणे म्हणाली, "खडूचं कायबी लिवलेलं न्हाई, अण्णा. मी समदं वाचलं."

अण्णांनी बार थुंकायचा कुठं, हा मोठा प्रश्न होता. ते शेडच्या मागं जाऊन आले. चूळ भरून आले. फडकं खांद्यावर टाकलं, माझ्यापाशी वाकले, पोटावरचा भागाकार नीट बघितला. मला वाटलं, गेला आता. अण्णा म्हणाले, "बरोबर हाय का हा?"

"बरोबर हाय," उझ्मा म्हणाली.

"मग ऱ्हाऊ दे. पन खडू आत जाता कामा न्हाई. आत गेला तर मी कुनाचं ऐकनार न्हाई." आणि मग, कुणाकडे न बघता, "तपासनीवाल्यांचं मी बघतो."

हाजराबीनं नातीच्या डोक्यावर हात ठेवला.  आणि घरी जाताना तिनं मला वीस वर्षांत पहिल्यांदा दोन्ही हातांत धरलं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही वाट वाकडी करून पंकजाच्या घरावरून गेलो. ती बांबूच्या आत, ओट्यावर बसली होती, तोंड सुकलेलं. उझ्मानं रस्त्यावरच खडू ओला केला, पोच्याच्या पाठच्या बाजूला दोन शब्द लिहिले आणि मला डोक्यावर उंच धरलं. 'अण्णा हरले.' पंकजानं वाचलं. आधी ती हसली आणि हसता हसता घळाघळा रडायला लागली. मग उझ्मानं मला फिरवून भागाकार दाखवला. पंकजानं पलीकडून ओरडून विचारलं, "कुनी सांगितला?" उझ्मा म्हणाली, "कुनीच न्हाई." पंकजानं डोळे पुसले. "आता माजी बाकीची दोन पोरं तू बघ. मी येईस्तवर." आणि वडील बरे होऊन बांबू सुटेपर्यंत उझ्मानं ती बघितली.

शाळा उघडली तेव्हा उझ्मा चौथीत होती. पहिल्याच दिवशी ती सकाळचं दूध घालून, मला हातात घेऊन, तशीच शाळेत गेली. मुद्दाम. अमृत सरांनी जुनी यादी काढली आणि सतरा पोरांना वेगळ्या सतरंजीवर बसायला सांगितलं. पहिलीची पुस्तकं मांडून ठेवली होती. सोळा पोरांनी उझ्माकडं बघितलं. उझ्मा उभीच राहिली.

"बस की बाळा," सर म्हणाले.

"आदी वाचून घ्या, सर. मग कुठं बसवायचं ते बसवा. आन् हे पुस्तक नको. चौथीचं द्या."

सरांनी चौथीचं पुस्तक दिलं. तिनं वाचलं. मग दुसऱ्यानं वाचलं, तिसऱ्यानं वाचलं, ज्यानं त्यानं आपापल्या इयत्तेचं. सगळ्यांना आलं असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? दोन पोरं अडखळली, त्यातलं एक रडकुंडीला आलं. सर त्या दोघांना सतरंजीकडे न्यायला लागले, तशी दारातून पंकजाचा आवाज आला, "त्यांना नगा तिकडं बसवू, सर. ती अजून आमच्याकडं हायेत. महिन्याभरात येतंय बघा त्यांना." आणि करण मागं उभा राहून म्हणाला, "माजी हायेत ती. मी घेतो."

सरांनी ती यादी हातात धरून वाचली, सगळी सतरा नावं. मग कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "संपर्काबाहेर मीच होतो," ते म्हणाले. पहिलीची पुस्तकं त्यांनी पहिलीच्या वर्गात नेऊन दिली.

त्यानंतर माझे दिवस फिरले, मित्रांनो. केंद्रावर स्टीलच्या किटल्या सक्तीच्या झाल्या. मला गोठ्यात ठेवलं. कधी माझ्यात मीठ भरलं, कधी पेंड. एक कोंबडी तर खुशाल अंडी घालून गेली. चार वर्षं माझ्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. मी तक्रार करत नाही, पण विसरलेही नाही.

आणि परवा तो भंगारवाला आला. हाजराबी आता थकली आहे, तिनं मला गोठ्यातून बाहेर आणून ठेवलं होतं. त्यानं पोच्यावर टकटक केलं, तेवढ्यात उझ्मा शाळेतून आली. ती आता आठवीत आहे. दोन वेण्या घालते आणि आवाज, बाई गं, त्या पंकजाच्याही वर.

"ती द्यायची न्हाई," ती म्हणाली.

"पोचा ठोकून तरी काढून देतो," भंगारवाला म्हणाला.

"पोच्याला हात लावशील तर बघ!"

कारण असं की, साखर कारखाना सुरू झाला आहे. उसाच्या फडाजवळ तोडणीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडल्यात. तिथं धनश्री नावाची एक पोर आहे, दुसरीतली. तिची शाळा तिकडं लांब, तिच्या गावात, आणि आई-बाप इकडं ऊस तोडायला. इथल्या शाळेत तिचं नाव एका नव्या यादीत आहे. यादीवर लिहिलंय, 'स्थलांतरित'. उझ्मानं ती यादी वाचली आणि तिचं डोकं फिरलं. "स्थलांतरित म्हंजी काय? रोज सकाळी दूध न्यायला येते की ती आपल्याकडं!"

काल उझ्मानं मला चिंचेच्या पाण्यानं आतून धुतलं. बाहेरून नाही. धनश्री आली तेव्हा माझ्यात अर्धा लिटर दूध ओतलं, खडू पाण्यात बुडवला आणि पोटावर गणित घातलं. "उत्तर खड्ड्यात लिव," ती म्हणाली, "आन् उद्या किटली घिऊन ये." फडावर जाताना त्या पोरीनं माझ्या गळ्यावरचे ठिपके बघितले. बोट ठेवलं. "हा," ती म्हणाली. मग थांबली.

थांबू दे. मला घाई नाही. पुढची तीन अक्षरं मी वीस-पंचवीस वर्षं गळ्यावर बाळगून आहे, अजून एक हंगाम बाळगीन. तुम्ही एवढंच करा, मित्रांनो. तुमच्या घरात, गोठ्यात, माळ्यावर माझ्यासारखं कुणी पडलं असेल तर आतून स्वच्छ धुवा. बाहेरून घासू नका. आणि तुमच्या शेजारचं एखादं पोर कुठल्या यादीत गेलं असेल, तर त्याच्या हातात ते भांडं द्या आणि पोटावर गणित लिहा. पोचा असेल तर तो तसाच ठेवा. उत्तर लिहायला जागा लागते.